विकत घेतलेल्या यंत्राचा मालक कोण?

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर मोटारमालकांच्या तक्रारींचा विषय पाहून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. ज्या जिल्ह्याची गणना नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागास, म्हणजे शासकीय भाषेत 'आकांक्षित', जिल्ह्यांत केली, ज्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात, त्या जिल्ह्यात चारचाकीवाल्यांचे दुखणे कोणी ऐकावे? गाडीतील एखादी सोय कंपनीने कुलूपबंद ठेवली आणि ती उघडण्यासाठी जादा पैसे मागितले, तर तो सुखवस्तूंचा आपसातील व्यवहार आहे. श्रमिकांच्या पक्षाला त्याच्याशी काय कर्तव्य? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. ते उत्तर थोडक्यात असे की, मोटारमालकाच्या तक्रारीत जो प्रश्न लपला आहे तोच उद्या ट्रॅक्टरवाल्याच्या, ट्रॅक्टरच्या चालकाच्या आणि उसाच्या फडात उभ्या असलेल्या टोळीच्या दारात येणार आहे. तो प्रश्न मालकीचा आहे, आणि मालकीचा प्रश्न समाजवाद्यांना परका असू शकत नाही.

प्रथम तक्रार समजून घेऊ. आजची मोटार केवळ लोखंडाची राहिलेली नाही. इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडायचे, धूर किती काढायचा, कोणता दिवा लावायचा, हे सारे ठरवणारी एक संगणकपेटी तिच्यात असते. १ एप्रिल २०२० पासून देशात 'भारत स्टेज सहा' हे प्रदूषणमान लागू झाले आणि दुचाकीपासून मालट्रकपर्यंत सर्वत्र या पेटीचे राज्य पक्के झाले. कंपन्या एकच गाडी तीन-चार प्रकारांत विकतात. वरच्या प्रकारातील सोयीसाठी लागणारी वायरिंग, कित्येकदा प्रत्यक्ष यंत्रभागसुद्धा, खालच्या प्रकारात आधीच बसवलेला असतो. कारण सर्व गाड्यांना एकच साचा ठेवणे कारखान्याला स्वस्त पडते. फरक उरतो तो संगणकपेटीतील एखाद्या नोंदीचा. मालकाने पुढे ती सोय मागितली, तर 'या प्रकारात ती मिळत नाही, वरचा प्रकार घ्यायला हवा होता' असे उत्तर मिळते. बाहेरच्या कारागिराकडून ती बसवून घेतली, तर हमी रद्द होण्याची धास्ती. अधिकृत दुकानातून बसवावी, तर किंमत मूळ सोयीच्या मानाने कितीतरी पट.

बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने २०२२ साली काही देशांत याच्याही पुढची मजल मारली. आसन ऊबदार करणारी यंत्रणा गाडीत बसवलेली होती. परंतु ती चालू राहण्यासाठी मालकाने दरमहा वर्गणी भरावी, अशी योजना निघाली. गदारोळ झाला आणि २०२३ साली कंपनीने आसनांपुरता हा विचार सोडला. आसन ऊबदार करण्यासाठी पैसे मोजावेत, ही गोष्ट धाराशिवच्या वैशाखात विनोदाची वाटेल. त्यामागील तत्त्व मात्र विनोदाचे नाही. त्याच वर्षी भारतातही विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या काही कंपन्यांचे प्रकरण गाजले. सरकारी अनुदानासाठी गाडीच्या किमतीला मर्यादा होती, आणि गाडी ज्यावाचून चालूच शकत नाही तो चार्जर वेगळ्या बिलाने विकला जात होता. सरकारने कान पिळल्यावर ग्राहकांचे पैसे परत करण्याचे या कंपन्यांना मान्य करावे लागले.

या सर्व प्रकारांचे सार एकच आहे. विक्री झाली, पैसे पोचले, बिल मालकाच्या नावे फाटले. तरी वस्तूवरील सत्ता विकणाऱ्याच्याच हाती राहिली. जमीनदारीत कुळ जमीन कसत असे आणि सत्ता दुसऱ्याची असे. येथे तर खरेदीखत होऊनही खरेदीदार कुळच राहतो.

हेच तत्त्व आता मोटारीतून उतरून शेतात शिरत आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना नवे प्रदूषणमान लागू झाले आणि त्या वर्गात इंधन सोडण्याचे काम जुन्या यांत्रिक पंपाकडून संगणकपेटीकडे जाऊ लागले. देशात खपणारे बहुसंख्य ट्रॅक्टर आजही पन्नास अश्वशक्तीच्या आतले आहेत. त्यांची दुरुस्ती गावचा मिस्त्री पान्ह्याने आणि कानाने करू शकतो. म्हणजे कुलूप अजून सर्व दारांना लागलेले नाही. परंतु कुलूप लागल्यावर किल्ली मागण्यापेक्षा, ते लागत असतानाच हात धरणे शहाणपणाचे असते. चळवळीने हा विषय आजच हाती घ्यावा, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. जूनमध्ये पाऊस पडतो, जमिनीला वाफसा येतो, आणि सोयाबीनच्या पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत ट्रॅक्टरच्या पाटीवर एक दिवा लागला आणि यंत्राने मान टाकली, असे समजा. मिस्त्री येतो. डिझेल येत आहे, फिल्टर स्वच्छ आहे, हे त्याला दिसते. दोष कोठल्या तरी सेन्सरमध्ये आहे, एवढा अंदाजही त्याला येतो. परंतु कोणत्या, हे सांगणारा स्कॅनर कंपनीच्या अधिकृत दुकानात आहे. नवा इंजेक्टर बाजारात मिळाला, तरी त्याचा क्रमांक संगणकपेटीत नोंदल्याखेरीज इंजिन नीट चालेलच असे नाही, आणि ती नोंद करण्याचे साधनही तेथेच आहे. दुकान जिल्ह्याच्या गावी किंवा सोलापूर-लातूरला. त्यांचा माणूस चार दिवसांनी येणार. चार दिवसांत वाफसा उडतो. परांड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे ते नुकसान कोणत्याही हमीपत्रात लिहिलेले नसते.

उसाच्या हंगामात याच कुलपाची झळ आणखी खाली पोचते. वाहतुकीचा ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेला असतो; कारखान्याकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते; वित्तसंस्थेचा हप्ता ठरलेला असतो. ट्रॅक्टर उभा राहिला की मालकाचे गणित बिघडते, हे उघडच आहे. त्याहून कमी दिसणारी गोष्ट अशी की, फडातील टोळीची मजुरी टनावर असते. तोडलेला ऊस उचलायला वाहन आले नाही, तर टोळीचा दिवस रिकामा जातो, आणि रिकाम्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. कंपनीच्या कचेरीत तयार झालेल्या एका सांकेतिक नोंदीची किंमत अखेर कोयता घेतलेल्या बाईच्या पोटातून वसूल होते. 'हा सुखवस्तूंचा प्रश्न' असे म्हणणाऱ्यांनी एवढा एकच हिशेब मनाशी मांडावा.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूम-परांडा भागात आलेल्या महापुराचा अनुभव जिल्ह्यात ताजा आहे. पाण्यात बुडालेला यांत्रिक पंप उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा जोडता येतो. गाळात बुडालेली संगणकपेटी मात्र उन्हात ठेवून जिवंत होईलच याची खात्री नाही, आणि बाहेरची पेटी आणून बसवायची तर ती कंपनीच्या साधनाने 'ओळखीची' करून घ्यावी लागते. आपत्तीत सापडलेल्या माणसाला पहिली गरज असते ती आपल्याच हाताने उभे राहता येण्याची; तेथेच त्याचे हात बांधलेले आढळतात.

यंत्रावर ते वापरणाऱ्या समाजाची हुकमत असणे ही या मुलखाला नवी गोष्ट नव्हे. औत मोडले तर सुताराच्या आणि फाळ बोथटला तर लोहाराच्या दारात तो दुरुस्त होत असे. त्या बलुतेदारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कारागिराला जातीच्या खुंट्याला बांधून, वर्षभराच्या राबणुकीचा मोबदला सुगीच्या खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने देणारी ती व्यवस्था होती आणि ती मोडली हे योग्यच झाले. परंतु ती मोडल्यानंतर कारागिराचे ज्ञान मुक्त व्हावे, ही अपेक्षा होती. काही काळ ते झालेही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. पुढे विहिरीवर तेल-इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आणि ट्रॅक्टर आले. आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ते उघडून पाहणारा, बिघडवून शिकणारा मिस्त्री गावोगावी तयार झाला. सोलापूर-धुळे रस्त्यावर येडशी-येरमाळ्याला, पुणे-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग-उमरग्याला जी गॅरेजे आहेत, ती अशीच उभी राहिली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या पोरांना, जात न विचारता, हातच्या कौशल्यावर उभे करणारी ही खुली शाळा होय. तिला कोणी अनुदान दिले नाही. आज तिचे दार बाहेरून बंद केले जात आहे. कारण ज्याच्यापाशी कंपनीचे साधन आणि परवलीचा शब्द नाही, त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरवले जाते. बलुतेदारीने कारागिराला गावाशी बांधले होते. नवी मक्तेदारी त्याला कामापासूनच तोडते.

कायदा याबाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. २०११ साली एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी आरंभली. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दोष शोधण्याची साधने आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना देत नाहीत, असे चौकशीत दिसून आले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत टाटा मोटर्स, मारुती सुझुकी आणि महिंद्र या देशातील आघाडीच्या कंपन्याही होत्या. सुटे भाग खुले करा, पुस्तिका व साधने उपलब्ध करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी नाकारू नका, असे आदेश निघाले. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीनेच नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, ही आयोगाने घातलेली मर्यादा न्याय्य आणि व्यवहार्य होती.

पुढे काय झाले? कंपन्या अपिलांत आणि न्यायालयांत गेल्या, वर्षे लोटली, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात त्या आदेशाचा उजेड फारसा पडला नाही. शिवाय ते प्रकरण मोटारींचे होते, ट्रॅक्टर त्यात नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने पुढे ठेवली. शेतीच्या अवजारांना त्यात स्थान मिळाले, हे स्वागतार्ह. त्या वर्षीच्या डिसेंबरात एक माहितीस्थळही सुरू झाले. परंतु कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यावी, ही विनंती झाली, हक्क नव्हे. जो हक्क देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो त्याला बक्षीस म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवाकर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि त्याच्या टायर व भागांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सवलत चांगलीच आहे. पण कर कमी केल्याने भाग स्वस्त होतो, कुलूप उघडत नाही.

परदेशांत हा लढा शेतकऱ्यांनीच पुढे नेला आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. जॉन डिअर ही अमेरिकेची बलाढ्य ट्रॅक्टर कंपनी. २०१५ साली तिने तेथील स्वामित्वहक्क कार्यालयापुढे अशी भूमिका मांडली की, वाहनातील संगणकप्रणालीची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. त्याला मिळतो तो वाहनाच्या आयुष्यभर ते चालवण्याचा गर्भित परवाना. मालकाचे कुळ कसे होते, याची इतकी स्वच्छ कबुली क्वचितच मिळेल. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क कौलाने मिळवला होता. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली खास शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना सोबत घेऊन त्याच कंपनीवर दुरुस्तीची मक्तेदारी ठेवल्याबद्दल दावा लावला. युरोपीय संघाने २०२४ साली घरगुती उपकरणांसह अनेक वस्तूंच्या दुरुस्तीसंबंधी निर्देश संमत केला. हे देश समाजवादी नव्हेत. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मागता येते, ते मराठवाड्यात मागायला संकोच कशाचा?

विरुद्ध बाजूने तीन मुद्दे मांडले जातात, आणि ते हसण्यावारी नेता कामा नये. पहिला सुरक्षिततेचा. ब्रेक किंवा सुकाणू यांच्याशी कोणीही खेळ करू नये, हे मान्यच आहे. त्यावर उपाय प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हा होय. अज्ञान लादणे हा नव्हे. पुस्तिका हाती नसलेला मिस्त्री अंदाजाने काम करतो, आणि अंदाजाचे काम अधिक धोक्याचे असते. दुसरा मुद्दा प्रदूषणाचा. धुराचे यंत्र बंद करून गाडी पळवण्याचे प्रकार होतात, हे खरे. तो गुन्हा आहे आणि गुन्हाच राहिला पाहिजे; कारण तो धूर शेवटी गरिबांच्याच वस्तीत शिरतो. परंतु बिघडलेले धूरनियंत्रण वेळीच दुरुस्त करता येणे हेही स्वच्छ हवेच्याच हिताचे आहे. तिसरा मुद्दा बौद्धिक मालमत्तेचा. संशोधनाचे श्रेय आणि मोबदला संशोधकाला मिळालाच पाहिजे. तो यंत्राच्या किमतीत एकदा वसूल झालेला असतो. प्रत्येक बिघाडाच्या वेळी तो पुन्हा वसूल करणे हा संशोधनाचा मोबदला नव्हे, खंडणी आहे.

या प्रश्नात शासन नेहमी त्रयस्थ असते, असेही नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणीपाटी सक्तीची झाली, तेव्हा महाराष्ट्रात दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि इतर वाहनांना ७४५ रुपये, अधिक कर, असा दर ठरला. राज्याचे तीन विभाग पाडून प्रत्येकात एकेक कंपनी नेमली गेली. ३१ मार्च २०२५ ही मूळ मुदत पुन्हापुन्हा वाढवावी लागली. वाहनचोरीला आळा घालण्याचा हेतू कोणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, वस्तू सक्तीची करायची आणि ती मिळण्याचे दार एकच ठेवायचे, हे लोकशाही शासनाला शोभते काय? सक्ती असेल तेथे पुरवठा सार्वजनिक असावा, निदान खुला तरी असावा. एम.एच. २५ च्या जुन्या दुचाकीवर मजुरीला जाणाऱ्या माणसाला ४५० रुपये ही किरकोळ रक्कम नसते.

मग मागणी काय करावी? पहिली: दुरुस्तीचा हक्क संसदेच्या कायद्याने द्यावा, आणि त्यात ट्रॅक्टर, मळणीयंत्र व पंप यांचा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरी: दुरुस्तीच्या पुस्तिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत देणे कंपनीवर बंधनकारक असावे, दोष शोधण्याचे साधन वाजवी किमतीला कोणाही प्रशिक्षित कारागिराला मिळावे. तिसरी: विकलेल्या यंत्रात बसवलेला कोणताही भाग नुसत्या नोंदीने बंद ठेवून त्यासाठी पुन्हा पैसे घेण्यास मनाई असावी. चौथी, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची: ही साधने सामूहिक मालकीची असावीत. प्रत्येक मिस्त्रीने महागडा स्कॅनर घ्यावा ही अपेक्षा फोल आहे. तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, सहकारी साखर कारखान्याच्या कर्मशाळेत, बाजार समितीच्या आवारात तो का असू नये? मिस्त्रींच्या सहकारी संस्था काढून तो त्यांच्या ताब्यात का देऊ नये? खासगी मक्तेदारीला उत्तर म्हणून चार खासगी दुकाने अधिक उघडणे हा उदारमतवाद्यांचा मार्ग आहे. साधने समाजाच्या हाती आणणे हा समाजवाद्यांचा.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी उभ्या केलेल्या ग्राहक पंचायतीपासूनची आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याआधी बारा वर्षे ती रस्त्यावर होती. आजच्या २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेला ट्रॅक्टर 'व्यापारी' कारणासाठी घेतला असे मानले जात नाही, हे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक नसते. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही. कार्यकर्त्यांनी येत्या पेरणीपासून गाळपाच्या अखेरीपर्यंत एक वही घालावी. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणते यंत्र बंद पडले. अधिकृत माणूस किती दिवसांनी आला. बिल किती झाले. त्यात भागाचे किती आणि केवळ नोंद करण्याचे किती. टोळीचे किती दिवस बुडाले. आठ तालुक्यांची अशी आठ वह्यांतील नोंद हाती आली, तर ती कोणत्याही ठरावापेक्षा वजनदार ठरेल. आज अशी नोंद कोणाकडेही नाही, आणि जेथे नोंद नसते तेथे कंपनीचाच शब्द प्रमाण मानला जातो.

मोटारमालकाला या कामात परके मानू नये. त्याची चीड खरी आहे. ती फक्त त्याच्या गाडीच्या दारापाशी थांबते. ती चीड शेताच्या बांधापर्यंत आणि उसाच्या फडापर्यंत नेणे, आणि एकाच कुलपाने किती जणांचे हात बांधले आहेत हे त्याला दाखवणे, हे कार्यकर्त्याचे काम होय. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व या मुलखाने मोठा संघर्ष करून कायद्यात आणले. चालवील त्याचे यंत्र, हेही तितक्याच निश्चयाने मागितले पाहिजे.